तांबडकड्याचं पाणी

१

"कुलूप काढ, आये. शेवटचं सांगतोय."

"शेवटचं मगाशी बी सांगितलंस."

"पोटची पोर हाय माझी. कोकरू न्हाय कोंडून घालायला."

"कोकराला तू असं चारचौघांत नाचिवलं नसतंस," अंबुबाई म्हणाली आणि चार नंबरच्या खोलीच्या दाराला पाठ लावून आणखीच ऐसपैस बसली. किल्ली तिच्या कनवटीला. ती घ्यायची तर म्हातारीच्या अंगाला हात लावावा लागला असता, आणि अख्ख्या वाडीत तेवढी छाती कुणाची नव्हती. पोटच्या लेकाचीही नव्हती.

महानंदा नवरा आणि सासू यांच्या मधे उभी होती, हाताला कणकेचं पीठ तसंच. सकाळी ती शहाजीबरोबर सांगोल्याला गेली होती. त्याला टँकर सांगायचा होता, तिला पाहुण्यांसाठी भाजी घ्यायची होती. दुपारी येऊन बघतात तो चार नंबरला बाहेरून कुलूप, दारात म्हातारी, आणि आत लेक आंघोळ करतेय. ऋतुजाचा मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर बंद करून ठेवलेला.

"फोन मीच ठिवून घेतला," म्हातारीनं न विचारताच सांगून टाकलं होतं.

आतून तांब्यानं अंगावर पाणी घेतल्याचा आवाज येत होता. एक तांब्या. मग जरा थांबून दुसरा. मधेच गुणगुणणं.

"कशापायी कोंडलंय, तेवढं तरी सांग," शहाजी म्हणाला.

"दिवस मावळू दे. मग सांगते."

"दिवस मावळायच्या आत पाहुणं येतील. सोलापूरच्या दोन गाड्या हायत. ओटीचा कार्यक्रम बघायलाच येत्यात ती. ओटी कोण भरंल, तू?"

"कुणीच भरायची न्हाय."

"का?"

"हितं बोलायची गोष्ट न्हाय ती," अंबुबाई म्हणाली, आणि अंगठ्यानं पाठीमागच्या दाराकडे खूण केली.

२

सांगोल्याच्या माळावर धबधबा आहे म्हटलं की लोक हसतात. हसू देत. ज्या मुलखात टँकर आला की घरातली पोरं शाळा सोडून घागरी घेऊन धावतात, तिथं धबधबा कुणाला खरा वाटेल? पण आहे. माळ सपाट चाललेला असतो, कुसळं आणि दगड, आणि चालता चालता पायाखालची जमीन एकदम संपते. खाली डोह. पाऊस झाला की माळावरचा ओढा तिथून उडी घेतो. पाण्याच्या पडद्यामागं लांबच लांब कपार आहे, एक कळप आरामात बसेल एवढी.

नाव तांबडकडा, कारण वर काळा कातळ, खाली काळा कातळ, आणि मधोमध गेरूसारखा लाल पट्टा. तो कसा झाला हे सोलापूरच्या कॉलेजातले एक सर मुलांना घेऊन आले होते, त्यांनी सांगितलं. जमिनीच्या पोटातला तापलेला रस वाहत आला, थिजला, त्याचा कातळ झाला. त्यावर कैक वर्षांनी माती धरली. मग पुन्हा रस आला आणि त्यानं ती माती विटेसारखी भाजून काढली. असा थरावर थर.

"पाणी काळ्या दगडाला सहजी काही करू शकत नाही," सर म्हणाले. "ते मधली तांबडी माती पोखरतं. मग वरचा कातळ छज्ज्यासारखा अधांतरी राहतो आणि एक दिवस मोडून खाली येतो. डोहात ते मोठाले धोंडे दिसतात ना, ती धबधब्याची जुनी कड. धबधबा एका जागी नसतो. तो मागे मागे चालत असतो."

अंबुबाई तिथंच शेळ्या घेऊन उभी होती. तिला कुणी शाळेत घातलं नव्हतं, पण आपल्या आपण अक्षरं शिकल्यापासून किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय ती टाकत नसे, आणि समजलं नाही तर विचारायला लाजत नसे.

"मागं म्हंजे कुणीकडं?"

सरांनी हात केला. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथं शहाजीच्या पाहुण्यांसाठीच्या चार खोल्या नव्या पत्र्यानं चमकत होत्या.

"घाबरू नका, आजी. हजारो वर्षं लागतात."

"मी कशाला घाबरू? तवर तुमी बी नसणार."

पोरं हसली. महानंदाही हसली होती.

३

आता चूक काय झाली ते ऐका. चूक मोठी नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्या गावाला ती चूक वाटलीही नसती.

पावसात कड्यावरून पहिल्यांदा पाणी पडलं की वाडीतल्या बायका तिची ओटी भरतात. 'तिची' म्हणायचं. पाण्याची म्हणायचं नाही. खण, नारळ, हळदकुंकू, ओंजळभर बाजरी. मग घरातली एक कुवार पोर डोहातल्या पाण्यानं कळशी भरून पुढं चालते आणि मागं न बघता म्हणत जाते, "ये बाई, घर तुझंच हाय." कळशी उंबऱ्याशी ओतायची. तिथून पुढं ओढा वाहतोय तोवर ती माहेरवाशीण. ओढा आटायला लागला की पाठवणी. कपारीत दहीभात ठेवायचा आणि म्हणायचं, जा बाई, आता आपल्या घरी जा. आलेली परत गेली पाहिजे, एवढाच त्यातला अर्थ.

पण पाऊस दोन महिन्यांचा, आणि खोल्या बाराही महिने रिकाम्या ठेवून चालत नाहीत. पावसात सोलापूर-पंढरपूरहून गाड्यांची रांग लागायची, भजी तळता तळता महानंदाचे हात भाजायचे. दिवाळीनंतर कुत्रं फिरकायचं नाही. म्हणून शहाजीनं डोकं चालवलं. कड्याच्या वरच्या धोंड्याआड मोटार बसवली, पाइप टाकला, टँकरचं पाणी साठवायला हौद केला. सुट्टीच्या दिवशी बटण दाबलं की कड्यावरून धार. धार बारीकच, पण फोटोत भरून दिसायची. ऐन उन्हाळ्यात धबधबा, म्हणून क्लिपा फिरल्या. गाड्या यायला लागल्या.

चैत्रात त्यानं त्याला ओटीची जोड दिली.

"टँकरच्या पाण्याची वटी भरताय," अंबुबाई म्हणाली, "मग तिच्या नावानं येणार कोण हाय?"

"गिऱ्हाईक येणार हाय, आये."

ऋतुजा हिरवं लुगडं नेसली. कॉलेजात जाणारी पोर, तिला हौस होती, आणि ती दिसलीही लक्ष्मीसारखी. कळशी कमरेवर घेऊन ती पुढं चालली, "ये बाई, घर तुझंच हाय" असं गळ्यावर म्हणत, आणि मोबाइलवाले तिच्या दोन्ही अंगांनी पळत होते. महानंदा उंबऱ्याशी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. कळशी ओतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी पिना काढता काढता ऋतुजानं विचारलं, "आई, माझ्या मागं कोण चाललं हुतं गं?"

"सगळं पब्लिकच तर हुतं."

"पब्लिक बाजूनं हुतं," ती म्हणाली. "पाठीला गार लागत हुतं, म्हणून इचारलं."

४

मोटार बंद केली की कड्यावरची धार तुटते, थोडा वेळ थेंब पडतात, आणि मग माळावर अशी शांतता होते की आपल्याच कानात घंटी वाजल्यासारखं होतं. महानंदाला ही शांतता पाठ होती. तिची धुण्याची वेळ तीच.

ओटीनंतर एकदा ती मोटार बंद करून आली, आणि शांतता आली नाही.

ती परत गेली. कडा कोरडा ठणठणीत. दगडाला हात लावला तर चटका बसला. सरडा उन्हात मान हलवत बसलेला. आणि खाली पाणी पडतंय असा आवाज, भरल्या पावसातल्यासारखा, जाड.

हायवेवरचे ट्रक असतील, तिनं ठरवलं. वारा तिकडून असला की घरघर येते. पाइपात हवा अडकली असेल. महानंदा काही भित्र्या जातीची बाई नव्हती. माहेरी मेंढरांमागं रानोरान राहिलेली, उघड्यावर बाळंत झालेल्या आईची लेक. कारण सापडल्याशिवाय ती भीत नसे, आणि कारण सापडलं की मग भिण्याचं कारणच उरत नसे.

मग आवाज मेंढरं कोंडायच्या वाघरीपाशी आला. जाळीच्या त्या कोपऱ्यात मेंढरं बसेनात. सगळी दुसऱ्या टोकाला एकमेकांवर चढून उभी राहायची. साप असेल, म्हणून शहाजीनं दगड उलथून बघितले. साप नव्हता.

मग आवाज खोल्यांच्या मागच्या भिंतीला आला. मग चार नंबरच्या फरशीखाली. कान लावायचीही गरज नव्हती. उघड्या पायाला समजायचं, डब्यात पाणी हिंदकळावं तसं. फरश्यांच्या फटींतून तांबडं पीठ वर यायला लागलं. महानंदा ते झाडून काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. बोटं ओली करून पुसलं तर बोटं गेरूत बुडवल्यासारखी. गवंड्यानं भराव कच्चा टाकला, ती म्हणाली. शहाजीनं गवंड्याला फोनवर शिव्याही घातल्या.

एका दुपारी चार नंबरच्या बाथरूममध्ये कुणी आंघोळ करत होतं. पाहुणे नव्हते. टँकरच्या पाण्याची ही नासाडी ऐकून महानंदाचं डोकं फिरलं.

"ऋतु, किती पाणी घेशील गं? तुझ्या बानं समुद्र आणलाय व्हय?"

"काय गं आई?" ऋतुजा म्हणाली. पुढच्या अंगणातून. सुपात शेंगदाणे घेऊन ती पायरीवर बसली होती, केस कोरडे, कपाळाला घाम.

महानंदानं चार नंबर उघडून बघितलं. बाथरूम कोरडं होतं. बादली पालथी. तिनं नळाची तोटी घट्ट आवळली, जरी ती आधीच घट्ट होती, आणि बाहेर येऊन भाजीला लागली. सासूला मात्र तिनं सांगितलं. का सांगितलं, ते तिला तेव्हा कळलं नाही.

अंबुबाईनं एवढंच विचारलं, "गुणगुणत हुती का?"

५

आणि आता ती दारात बसली होती.

"ऋतु," शहाजीनं दाराशी तोंड नेऊन हाक मारली, "आजीनं काय केलंय गं तुला?"

गुणगुणणं थांबलं. थोडा वेळ नुसतं पाणी निथळल्याचा आवाज.

"काय न्हाय," आतून आलं. "ऊन लई हाय ना."

"ऐकलंस?" शहाजी आईकडे वळला. "नीट बोलतीया पोरगी. तुझंच डोस्कं फिरलंय. तुला माझं बरं चाललेलं बघवंना. वटी न्हाय भरायची, पाहुणं न्हाय घ्यायचं. मग काय करू? पुन्हा मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटंला लागू?"

"लाग की. माझा जलम त्यातच गेला. मी मेले न्हाय."

"तुझ्या येळचं सोड. पोरीला शिकवायचंय मला."

"मला बी तिला जगवायची हाय," अंबुबाई म्हणाली. आवाज चढवून नव्हे, उतरवून. महानंदाच्या लक्षात आलं की मघापासून म्हातारीनं ऋतुजाचं नाव एकदाही घेतलेलं नाही. नातीला ती 'ऋतुडे' शिवाय हाक मारत नसे.

आणखी एक गोष्ट दिसली. अंबुबाईच्या लुगड्याचा काठ ओला होता, पोटरीपर्यंत, आणि त्याला तांबडा चिखल लागलेला. चैत्रवैशाखाच्या उन्हात.

"अत्याबाई, तुमी डोहाकडं गेला हुता?"

"गेले हुते. कपारीत दहीभात ठिवून आले."

"आता? पाठवणीला?"

"आणलीय तर लावून नको द्यायला?"

"आये, तितं पाणी सुदीक न्हाय," शहाजी वैतागून म्हणाला. "मोटार चार दिस बंद हाय. हौद कोरडा हाय."

हौद कोरडा. महानंदाच्या हाताचं पीठ वाळून कातडी ओढत होती. हात धुवायला सकाळपासून पाणी नव्हतं. घरावरची टाकी तिनंच जाण्याआधी तळापासून खरवडली होती, पिण्याचा हंडा कसाबसा भरला होता. टँकर अजून यायचा होता. त्यासाठीच तर दोघं गेले होते.

आत एक तांब्या. जरा थांबून दुसरा.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "टाकी रिकामी हाय."

"मग?"

"मग ही आंघूळ कशानं करतीया?"

अंबुबाईनं सुनेकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून म्हातारीनं तिच्याकडे इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं.

"आत मागं जाऊन बस, बाई," अंबुबाई म्हणाली. "रांधायचं ऱ्हाऊ दे."

"बादल्या भरून ठिवल्या असतील तिनं," शहाजी म्हणाला. त्याचं त्यालाच ते पटलं. "कालच्या. भरूनच ठिवल्या असतील."

असतील, महानंदाच्या मनानं लगेच धरलं. का नसतील?

"आई," आतून हाक आली. "टॉवेल दे गं."

तो आवाज ऋतुजाचाच होता. त्यात 'गं' ओढायची तिची लकब होती, सर्दी झाल्यासारखं नाकातून बोलणं होतं. महानंदानं वळणीवरचा टॉवेल ओढला.

"देऊ नगंस," अंबुबाई म्हणाली.

पण दाराशेजारच्या खिडकीची काच सरकली, पडदा जरासा हलला, गजांमधून हात बाहेर आला, आणि आईनं लेकीच्या हातात टॉवेल दिला. त्यात विचार कसला करायचा?

तिनं तो हात बघितला. दोन श्वास, जास्त नाही. फार वेळ पाण्यात राहिलं की बोटं चुरमडतात, पांढरी होतात, तसा होता. पण नुसती बोटं नव्हेत. मनगटापर्यंत कातडी सुटली होती, सैल, दुसऱ्याचा हातमोजा घातल्यासारखी, आणि टॉवेल धरताना आतला हात आधी वळला, कातडी मागून वळली. नखांत तांबडी माती. हात गजाआड गेला. काच सरकली. खिडकीच्या कट्ट्यावरून पाण्याचा एक ओघळ खाली आला, गार, आणि महानंदाच्या पायाच्या अंगठ्याला लागला.

"आई," आतून आलं, "गार वाजतंय मला."

६

ती भ्याली नाही. भ्यायला हवं होतं, पण बाई आधी आई असते आणि मग शहाणी. तिच्या डोक्यात एकच आलं. पोरगी दुपारपासून ओल्यानं आत आहे. तिला काहीतरी झालंय. ताप, वारं, अंगाला काही उठलंय. सांगोल्याला दवाखान्यात न्यायची, आत्ताच्या आत्ता, आणि ही म्हातारी दार अडवून बसलीय.

"कुलूप फोडा," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत सासूच्या तोंडावर तिनं कधी शब्द टाकला नव्हता.

"महानंदे," अंबुबाई म्हणाली.

"बोलू नगा तुमी. माझी पोर हाय. कोन तुमी तिला डांबणाऱ्या? वाडीत तुमचं चालतं म्हणून माझ्या लेकरावर बी चालवायचं? तिचा हात बघितला का? हाताची काय दशा झालीया बघितलं का?"

"बघितला," अंबुबाई म्हणाली. "दुपारी. तुज्या आधी."

"मग माणूस हाय का कोन हाय तुमी?"

तिच्या आवाजानं वाघरीतली मेंढरं दचकून हलली आणि पुन्हा त्याच टोकाला दाटली. शहाजी पडवीतून पहार घेऊन आला. पाय आपटत नव्हता, शिवी देत नव्हता. बायकोनं बाजू घेतल्यावर त्याला रागाची गरज उरली नव्हती. दूर वाटेवर धुरळा उठला होता आणि गाडीचा हॉर्न वाजला. सोलापूरचे पाहुणे.

आत आंघोळ थांबली होती. दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, लाकडाला लागून, कुणीतरी उभं होतं. दाराखालच्या फटीतून पाणी येऊन म्हातारीच्या लुगड्याखाली पसरत होतं. तांबडं.

"सर, आये," शहाजी म्हणाला. "मी तुला ढकलणार न्हाय. पण सर."

अंबुबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, जशी ती रोज उठते तशी. भांडण हरलेली दिसत नव्हती. तिनं कनवटीची किल्ली काढली आणि लेकाच्या हातात ठेवली, त्याची बोटं आपल्या हातानं मिटली. मग सुनेचं मनगट घट्ट धरून तिला दारापासून मागं ओढलं आणि दोघांना ऐकू जाईल पण दाराला जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"तुमची पोर मी सकाळच्या एसटीनं नातेपुत्याला तिच्या आत्याकडं लावून दिलीया, ह्या दाराआड उभी हाय ती दुपारी कपारीतनं दहीभात खाऊन माझ्या मागं चालत घरात आली."